काचेला हात लावायचा नाही

‘एवढा जीव काढून नळीतली हवा उपसायची, आणि उपसून झाली की मुद्दाम थोडा वायू परत आत सोडायचा, हे कसलं काम?’ सांगलीत असताना हा प्रश्न मला विचारला नाही असा माणूस भेटला नाही. कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईंनी विचारला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने विचारला. आमच्या खोलीचे मालक विट्याचे. मद्रासकडे त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. ते सांगलीला आले की हमखास विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे: “म्हंजे आमी सोन्यातली भेसळ काढतो, तसंच की.” तसंच नव्हतं. पण अगदीच चूकही नव्हतं, आणि म्हणून मला जास्त राग यायचा. पूर्ण चुकलेल्या माणसाला निदान गप्प तरी करता येतं.

आता इथेही सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. अणू जड असला की त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनही पुष्कळ असतात. त्यातला एखादाच काढला तर त्याच्यावरचा विद्युतभार इवलासा राहतो, आणि कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रात त्याला पुढे ढकलणं म्हणजे भरल्या गाडीला एकच बैल जुंपणं. म्हणून वाटेत त्याला विरळ वायूतून जाऊ देतात. वेगाने जाताना तो वायूच्या रेणूंवर आपटतो, आणखी इलेक्ट्रॉन गळतात, भार वाढतो आणि पुढचा धक्का जोरात बसतो. वायूऐवजी अतिपातळ पापुद्र्यातून पाठवला तर तो जास्त सोलून निघतो, पण जड कणांच्या माऱ्याने पापुद्रा फाटतो. वायू फाटत नाही. त्याचा वैताग वेगळा: तो ठेवला तिथे राहत नाही. दोन्ही बाजूंना रिकामी नळी, मध्ये वीतभर तुकड्यात वायू, आणि मध्ये दार लावायची सोय नाही, कारण दार लावलं तर कण जाणार कुठून?

असली यंत्रं तेव्हा परदेशात होती आणि मुंबईत एक उभं राहणार अशी बोलवा होती. आमच्या कॉलेजात होती ती काचेची एक लांब नळी, तिच्या मध्यावर मी बसवून घेतलेला पोकळ पितळी तुकडा, वायू सोडायची बारीक तोटी, आणि गाढ झोपलेल्या माणसासारखा घोरणारा पंप. नळीच्या एका टोकाला हायड्रोजनचे भारित कण तयार व्हायचे, पितळी तुकड्यातून जायचे, मग दोन विद्युतपट्ट्या त्यांना बाजूला वाकवायच्या आणि शेवटी पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. आमचे कण इतके हळू, की ते वायूत काही गमवायचे नाहीत. उलट वायूचाच इलेक्ट्रॉन हिसकून घेऊन भार फेडून मोकळे व्हायचे, आणि भार नाही म्हणजे वाकणं नाही. म्हणजे तोटी बंद असेल तर एकच ठिपका, बाजूला वाकलेला. तोटी उघडली की सरळ रेषेत दुसरा ठिपका. मोठ्या यंत्रातल्या खेळाचं हे उलटं, गरिबाघरचं रूप. पण खेळ तोच, आणि तो मला दाखवायचा होता, कारण मुंबईचे एक सर दसऱ्यानंतर आमच्याकडे व्याख्यानाला येणार होते. ते आमच्या विभागप्रमुखांचे जुने वर्गमित्र. नव्या यंत्रासाठी माणसं निवडणं त्यांच्या हातात होतं.

“त्यांना नळी दाखवा,” आमचे सर मला म्हणाले होते. “बोलू नका जास्त. तुम्ही बोलायला लागलात की चिडता.”

मी चिडत होते हे खरं. पण मी कुणाबरोबर राहत होते ते सरांना दिसत होतं का?

मी आबांबरोबर राहत होते. माझे वडील. फौजेत बंदुका दुरुस्त करायच्या कामावर उभी हयात घालवून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. आमचं गाव वडूजजवळ, रान सगळं पावसावरचं, ते थोरला भाऊ आणि आई बघायचे. मला सांगलीच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली तेव्हा घरात एकच अट निघाली: बिनलग्नाची पोर परगावी एकटी राहणार नाही, आबा संगं जातील. अट आईची आणि भावाची. आबा नुसते म्हणाले, “जातो की.” आणि आले. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक आली, तिच्यात फौजेची घोंगडी, लोकरी कपडे आणि त्यांना कसर लागू नये म्हणून कापराच्या वड्या. आबांच्या अंगाला, टोपीला, रुमालाला कायम कापराचा वास. मी तान्ही असल्यापासून तो वास घेतलेला, त्यामुळे तो मला वेगळा असा जाणवायचाच नाही.

खोलीत दिवसभर एकटा बसून माणूस करील काय? सरांनी मोठ्या मनाने परवानगी दिली आणि आबा प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर येऊन बसू लागले. तिथेच माझ्या हालांना सुरुवात झाली. आबांना रिकामं बसता येत नाही. हातात काही नसलं तर ते स्वतःच्या वहाणा पुसतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी खिडक्यांचे गज घासले, सगळे खूश. मग एका सकाळी मी येऊन बघते तो तराजूची पितळी वजनं सोन्यासारखी लखलखताहेत. चिंच आणि राख लावून घासलेली! त्या वजनांवर मुलं मिलिग्रॅमपर्यंत मोजमाप करतात. चिंचेने किती पितळ खाल्लं, कोण सांगणार?

“आवं आबा, कुनी सांगितलं व्हतं तुमाला?”

“कुनी सांगाया कशाला पायजे? काळी पडली व्हती.”

“काळी पडू द्या की! त्यांचं वजन बदलतं!”

आबांनी एक वजन तळहातावर तोललं. “न्हाई बदललं,” म्हणाले.

मी पेटी नवी मागवण्यासाठी सरांसमोर उभी राहिले, सरांनी कपाळाला हात लावला, आणि मुलांत आठवडाभर हवालदारांच्या चिंचेची चर्चा चालली.

खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारं आणि अवजारं पुजतात. कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, शिलाईचं मशीन, ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. कॉलेजला सुट्टी. मी खोलीवर कपडे धूत होते. आबा स्वच्छ धोतर, टोपी घालून दारात उभे.

“ताई, किल्ली दे. तुज्या नळीची पूजा करून येतो.”

“आबा, नको.”

“आगं, साऱ्या गावाची हत्यारं पुजली जात्यात. तुजं तेवढं राहिलं तर बरं दिसंल व्हय? पावनं यायचं हाईत त्या नळीवर.”

माझे हात साबणात होते आणि वाद घालायची ताकद नव्हती. मी म्हटलं, “टेबलावर कुंकू लावा, उदबत्ती लावा, नारळ बाहेर फोडा. पण काचंला हात लावायचा न्हाई. शपथ घ्या.”

“न्हाई लावत,” आबा म्हणाले. आबांनी दिलेला शब्द मोडल्याचं मला आजतागायत ठाऊक नाही. मी किल्ली दिली.

दसऱ्यानंतर पंप सुरू केला आणि माझ्या नाकी नऊ आले. तोटी घट्ट बंद, तरी पडद्यावर दोन ठिपके. वाकलेला फिका, सरळचा ठळक. म्हणजे पितळी तुकड्यात कुठून तरी वायू येत होता. गळती! दुसरं काय असणार? मी प्रत्येक सांध्यावर कापसाने स्पिरिट लावून बघितलं. प्रत्येक सांधा मेणाने नव्याने बुजवला, बोटं पोळून घेतली. रबरी चकत्या बदलल्या. जिथे जिथे काच पितळेला मिळते तिथे तिथे ग्रीस थापलं. काही फरक नाही. सकाळी जरा बरं, दुपारी पुन्हा मूळपदावर. आणि या सगळ्या वेळात सल्ले! रसायनशास्त्राचे सर म्हणाले, पंपाचं तेल बदला. बदललं. ग्रंथपाल म्हणाले, सायकलच्या ट्यूबसारखी पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे येतील. माझ्या उंचीइतकी काचेची नळी, पाण्यात! सुताराने सांगितलं, लाख लावा. मालक नेमके सांगलीत होते, ते म्हणाले, “सोन्याचा वर्ख चिकटवून बघा.” उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या सांगलीत कधीच टंचाई नव्हती.

आणि आबा स्टुलावर बसून विचारत, “घावली का गं गळती?”

“न्हाई.”

“घावंल.”

त्या ‘घावंल’ने माझं डोकं फिरायचं. हे मुंबईचे सर पुन्हा यायचे नव्हते. त्या काळी आमच्याकडच्या मुलीला असल्या यंत्रावर काम करायची दुसरी कुठली वाट होती? शाळेत मास्तरीण, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, आणि मग एखाद्या कारखान्याच्या क्लार्कशी लग्न. घरी आईने स्थळं बघायला सुरुवात केलीच होती. ती नळी चालली नाही तर मी संपले, असं मला वाटत होतं, आणि मला ते अजूनही फारसं चुकीचं वाटत नाही.

मुंबईचे सर आले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ. आमच्या सरांनी काळे पडदे ओढून खोलीत अंधार केला. आबा दाराशी उठून उभे राहिले, पाहुण्यांना कडक सलाम ठोकला, मग बसले. मी पंप लावला, विद्युतदाब चढवला. पडद्यावर दोन ठिपके.

“तोटी उघडी आहे?” पाहुण्यांनी विचारलं.

“बंद आहे.”

“मग हा सरळ ठिपका कसला?”

“गळती आहे,” आमचे सर घाईने म्हणाले. “बाईंनी फार प्रयत्न केले, पण आयत्या वेळी...”

मला ‘बिचाऱ्या बाई’ व्हायचं नव्हतं. माझा पारा चढला आणि सरांनी बोलू नका सांगितलेलं मी विसरले. “गळती कसली, सर? गळती असती तर पंप नळीपासून तोडल्यावर दाबमापकाचा काटा चढतच राहिला असता. हा चढतो आणि एका जागी येऊन थांबतो. रोज थांबतो. दुपारी गरम झालं की जरा वर थांबतो, सकाळी गार असताना खाली. हवेची गळती काय ऊन बघून आत येते? हे म्हणजे आतच काहीतरी...”

आणि मी थांबले. आतच काहीतरी. आत कशाची तरी वाफ होतेय, आणि ती भरली की थांबतेय. पण मेण आत नाही, ग्रीस अशी वाफ देत नाही, पाणी असतं तर कधीच उडून गेलं असतं. घन असून हळूहळू उडून जाणारी कोणती वस्तू...

मी वळून दाराकडे बघितलं. अंधारात आबांची पांढरी टोपी तेवढी दिसत होती. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आबांचा वास आला.

“आबा,” मी म्हटलं, “तुमी नळी उघडली व्हती?”

आबा उठून ताठ उभे राहिले. “व्हय. नवमीला.”

“कुटं?”

“ती पितळंची. बगलंला टोपण हाय न्हवं, ते. फिरवून काढलं, आतनं दोरीनं फडकं वढलं, चांगली लख्ख केली बंदुकीच्या नळीवानी. आन परत बसवलं, तुजंच ग्रीस लावून.”

“आत काय ठेवलं?”

“कापूर. वडी. टोपनाच्या खोबणीत. गंजू नये म्हून. फौजेत बंदुकांच्या पेटीत आमी कायम...”

“आबा! पितळ गंजत न्हाई!”

“डाग तर पडत्यात,” आबा म्हणाले.

“मी तुमाला काय सांगितलं व्हतं? कुनी सांगितलं व्हतं तुमाला उघडायला?”

“तू काचंला हात लावू नको म्हनलीस. न्हाई लावला.” आबांचा आवाज अगदी शांत होता, हजेरीत उत्तर द्यावं तसा. “पावन्यांच्या म्होरं हत्यार साफ असावं, म्हून केलं.”

मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि ओरडायचंही होतं. आमचे सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “काखेत कळसा अन् गावाला वळसा.” मुंबईचे सर मात्र हसले नाहीत. ते पडद्याजवळ वाकले होते.

“म्हणजे या वीतभर तुकड्यात तुमच्या नकळत आठवडाभर वायू आहे,” ते म्हणाले, “आणि पंप चालू असून तो तिथे टिकून आहे. सिद्ध करून दाखवा.”

“कसं?”

“ते तुम्ही सांगायचं.”

मी रागातच होते, म्हणून बरं झालं. घाबरले असते तर सुचलं नसतं. “आबा, कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडनं बर्फ आना. पळा.” त्या वयात आबा खरंच पळाले. आले ते धोतराच्या सोग्यात बर्फ बांधून, पाणी गळत. मी पितळी टोपणाभोवती गोणपाटात गुंडाळून बर्फ धरला. आम्ही चौघं अंधारात पडद्याकडे बघत राहिलो. काटा खाली उतरू लागला. सरळ ठिपका फिका झाला, आणखी फिका झाला, आणि वाकलेला ठिपका उजळत गेला. मग मी बर्फ काढला, चहासाठी ठेवलेल्या गरम पाण्यात फडकं बुडवून लावलं. सरळ ठिपका परत आला, आधीपेक्षा ठळक. तोटीने मला इतकं नेटकं कधीच जमलं नव्हतं.

पुन्हा बर्फ. पुन्हा गरम फडकं. पाहुण्यांनी स्वतः धरून बघितलं.

पडदे उघडल्यावर ते रुमालाने हात पुसत म्हणाले, “तिकडे रोज हेच भांडण असणार आहे. वायू हवा तिथे राहत नाही, नको तिथे जातो, आणि दोष कुणाचा ते कळत नाही. भांडणारी माणसं हवी आहेत. दिवाळीनंतर या. मी पत्र पाठवतो.”

मी ‘हो’ म्हणायच्या आत आबा पुढे आले. “साहेब, एक इचारू का? तितं बसायला जागा हाय का?”

“कुणाला?”

“मला. पोरीसंगं असतो मी.”

सर गोंधळले. मग समजुतीने म्हणाले, “मुलींच्या राहण्याची सोय आहे. पण आत बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, आजोबा. फाटकावर पहारा असतो.”

पहारा म्हणजे काय ते आबांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान हलवली आणि सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

घरी जाताना मी सबंध वाट बोलत होते. आठवडा गेला, बोटं पोळली, अख्ख्या कॉलेजात हसं झालं, आणि आता एवढं होऊनही काही उपयोग नाही, कारण आई आणि दादा मला एकटीला पाठवणार नाहीत, आणि तुम्हाला आत घेणार नाहीत. तुम्ही फाटकाबाहेर बसणार दिवसभर? उन्हात? आबा पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत होते. मारुतीच्या देवळापाशी ते थांबले.

“मी येत न्हाई मुंबईला,” ते म्हणाले. “तू एकटी जा. आईला आन दादाला मी बघतो.”

“ते ऐकतील?”

“ऐकतील. मी कवा कुटं बोलतो? एकदा बोललो तर ऐकतील.”

“आन तुमी काय करणार?”

“रानात जातो. हितं मला काम न्हाई.” मग ते थोडं हसले, ओशाळल्यासारखं. “मी तितं आलो, तर एखादी नळी परत उघडीन बघ. मला ऱ्हावत न्हाई.”

मला त्यांना सांगायचं होतं की उघडा, दहा वेळा उघडा. पण मी इतकी वैतागलेली होते, आणि वैतागात माणसाला बरं तेवढंच नेमकं बोलता येत नाही.

दिवाळीनंतर आबांनी मला त्यांची ती काळी ट्रंक दिली. नवी घेऊ म्हटलं तर म्हणाले, ही तुझ्यापेक्षा मजबूत आहे. एसटीच्या टपावर त्यांनीच ती बांधली, स्वतःच्या हाताने गाठ मारून, आणि कंडक्टरला दोनदा बजावलं.

मुंबईत मुलींच्या वसतिगृहातल्या खोलीत मी ट्रंक उघडली. माझ्या साड्या, पुस्तकं, आईने दिलेली चटणी. मी साडी नाकाशी नेली, मग दुसरी, मग सगळं बाहेर काढून आत डोकं घातलं. पत्रा सोड्याने घासलेला होता. कोपऱ्याकोपऱ्यातून, बिजागरीच्या फटीतून सुद्धा, आणि मग ट्रंक कित्येक दिवस उन्हात उघडी ठेवली असणार. माझ्या कामाच्या जागी पुन्हा भलताच वायू नको म्हणून. कापराचा वास नव्हता. आबांचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता.

मी त्या लख्ख ट्रंकेपाशी जमिनीवर बसून रडले, आणि रडता रडता मोठ्याने म्हणाले, “आवं आबा, कुनी सांगितलं व्हतं तुमाला?”